रोशाचा झाला गुलाब : खानदेशी गवताच्या तेलाने घडवलेल्या भेसळीचे प्रकरण

आश्विन लागला की सातपुड्याच्या उतारांवरचे रोशा गवत तुऱ्यावर येते. छातीएवढे वाढलेले थोंब, वर पिवळसर हिरवे तुरे, आणि उन्हे कडक होऊ लागली की तेच तुरे तांबूस पडतात. एक तुरा खुडून तळहातावर चुरगाळा. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग लिंबाच्या पाल्यासारखा काहीसा तिखट, आणि हात कोरडे झाले की मागे उरतो तो गुलाब. पाकळ्यांचा भरदार गुलाब नव्हे, पण गुलाबाशी सख्खे नाते सांगणारा. वासाच्या तेलांच्या तपासणीत माझी बरीच वर्षे गेली, तरी हे गवत हाताशी आले की मी अजून ते चुरगाळून पाहतो.

हा वास ज्या द्रव्याचा, त्याचे नाव जिरॅनिऑल. रसायनशास्त्राच्या भाषेत ते एक अल्कोहोल आहे: दहा कार्बन, अठरा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. रंग नाही, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, २३० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. गुलाब, जिरेनियम, जावा सिट्रोनेला अशा कितीतरी वनस्पतींत ते असते. मधमाशीच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या गंधग्रंथीतही असते; पोळ्याची वाट दाखवताना माशी पंख फडफडवून हाच वास पसरवते. साबण, अत्तर, क्रीम यांत तर ते आहेच, पण पीच, रासबेरी, द्राक्ष, लिंबू अशा स्वादांच्या मिश्रणांतही ते चिमूटभर घालतात.

हे प्रकरण मात्र त्याच्या एका जुन्या प्रवासाचे आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेश आणि वऱ्हाडातल्या रोशाचे तेल मुंबईहून जहाजाने अरबस्तानाच्या बंदरांत, तिथून इस्तंबूलला आणि तिथून बाल्कन डोंगराखालच्या गुलाबांच्या खोऱ्यात जात होते. तिथे ते गुलाबतेलात मिसळले जाई आणि गुलाबतेल म्हणूनच पॅरिस-लंडनच्या बाजारात विकले जाई. ही भेसळ इतकी वर्षे पचली कशी, ती पकडायला काय काय करावे लागले, आणि यात कोणाचे काय गेले, हे मला इथे मांडायचे आहे.

मोतिया आणि सोफिया

रोशाला संस्कृतात रोहिष म्हणतात; विदर्भात अनेक ठिकाणी तिखाडी हे नाव चालते. सांधे धरले की तिखाडीचे तेल चोळायचे, हे जुन्या घरांत अजून ठाऊक असते. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. यातला मार्टिन म्हणजे लखनौचा प्रसिद्ध फ्रेंच सेनाधिकारी क्लॉद मार्टिन. टिपू सुलतानावरच्या मोहिमेत दख्खनच्या बालाघाटात त्याने हे गवत पाहिले. गुरे ते अधाशासारखी खातात आणि मग त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येतो, हे त्याच्या लक्षात आले. त्याने बी गोळा करून लखनौला नेले आणि कलकत्त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्याकडे पाठवले. पुढे नावात मार्टिन राहिला.

या गवताच्या दोन जाती आहेत आणि या प्रकरणात तो भेद फार महत्त्वाचा आहे. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या, उघड्या उतारांवर विरळ थोंबांनी वाढते. तिच्या तेलात ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल असते. सोफिया ओलसर, सखल जागी दाट वाढते. तिच्या तेलात जिरॅनिऑल बरेच कमी आणि वास आल्याकडे झुकणारा, म्हणून बाजारात त्याला जिंजरग्रास तेल म्हणतात. दोन्ही गवते लांबून ओळखू येत नाहीत. कापणाऱ्याने घाईत दोन्ही एका भाऱ्यात बांधली की तेल बिघडलेच.

कापणीची वेळही तशीच नाजूक. तेल मुख्यतः तुऱ्यात आणि पानांत असते, दांड्यात जवळपास नसतेच. तुरा कोवळा असताना त्यात जिरॅनिल ॲसिटेट अधिक असते, तुरा पिकत जातो तसे त्याचे जिरॅनिऑल होत जाते. म्हणून फुलोरा पुरता आला आणि बी धरू लागले की कापायचे. हे प्रयोगशाळेत कळण्याच्या कितीतरी आधी भट्टीवाल्यांना नाकाने कळलेले होते.

ओढ्याकाठची भट्टी

१८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या धंद्याची नोंद आहे. गवत कापायचे भिल्लांनी, विकत घेऊन तेल काढायचे ते मुख्यतः मुसलमान भट्टीवाल्यांनी. नंदुरबार हे मोठे केंद्र होते. भट्टी गावात नसे, ती ओढ्याच्या काठी लागे, कारण वाहते पाणी हेच तिचे अर्धे यंत्र.

जमिनीत चर खणून चूल करायची. तिच्यावर तांब्याचा किंवा लोखंडाचा मोठा हंडा. त्यात थोडे पाणी, वर चिरलेले गवत काठोकाठ दाबून, पुन्हा थोडे पाणी. तोंडावर धातूचे झाकण ठेवून कडा कणकेने लिंपायच्या. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघायची. तिच्यावर कापड गुंडाळलेले, त्यावर पिठाचा लेप आणि वर दोरीचे वेढे. ही नळी उतरायची दुसऱ्या बंद भांड्यात, आणि ते भांडे गळ्यापर्यंत ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवलेले. हंड्यातली वाफ गवतातले तेल घेऊन नळीतून जाई, गार भांड्यात तिचे पुन्हा पाणी होई आणि तेल वर तरंगे. ते वरच्यावर काढून घ्यायचे.

या मांडणीत एक गोष्ट मनाला भिडते. जिरॅनिऑल एकटे उकळायचे तर २३० अंश हवेत, तेवढ्या उष्णतेत गवत करपून जाईल. वाफेच्या सोबतीने मात्र ते शंभर अंशांच्या आतच निघून येते. लाकडाचा जाळ, कणिक आणि बांबू एवढ्यावर ओढ्याकाठी चाललेले हे काम शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते. जाळ जास्त झाला तर तळाचे गवत लागते आणि तेलाला करपट वास येतो, इतकेच काय ते सांभाळायचे.

आता हिशेब पाहा. ताज्या गवतातून अर्ध्या टक्क्याच्या आसपास तेल मिळते, म्हणजे एका टनाला साधारण पाच किलो. दमास्क गुलाबाच्या एका किलो तेलाला तीन ते चार टन पाकळ्या लागतात, आणि त्या पहाटे, ऊन चढण्याआधी, हाताने खुडाव्या लागतात. आजही गुलाबतेलाचा किलोचा भाव लाखांत असतो, रोशाचा हजारांत. एवढी दरी असलेल्या दोन तेलांत गुलाबी वासाचे तेच द्रव्य असावे, यातच पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीज आहे.

नाव बदलत गेले

नंदुरबारच्या भट्टीवर तेलाचे नाव रोशा होते. मुंबईच्या इंग्रजी कागदांत ते रूसा ऑइल झाले. लंडनच्या व्यापाऱ्यांनी त्याला ईस्ट इंडियन जिरेनियम म्हटले. अरब व्यापाऱ्यांच्या हातून ते इस्तंबूलला पोचले तेव्हा युरोपात त्याला तुर्की जिरेनियम हे नाव पडले, जणू ते तुर्कस्तानातच पिकत होते. तुर्क स्वतः त्याला इद्रिस यागी म्हणत. यागी म्हणजे तेल. जिरेनियमशी या गवताचा काडीचा संबंध नाही. जिरेनियमच्या तेलाचे झुडूप वेगळे, कूळ वेगळे, देश वेगळा. दोन्ही तेलांना गुलाबाचा वास येतो एवढ्यावर नाव चिकटले.

इथपर्यंत खानदेशात कोणी कोणाला फसवलेले नाही. भट्टीवाल्याने रोशा काढला आणि रोशा म्हणून विकला. याचा अर्थ मधली साखळी स्वच्छ होती असा नाही. रोशाच्या तेलातच टर्पेंटाइन, भुईमुगाचे तेल, खनिज तेल मिसळण्याचे प्रकार होत. त्यावर एक साधी, फार उपयोगी परीक्षा आहे आणि ती मी आजही नव्या मुलांना पहिल्या दिवशी करायला लावतो. सत्तर टक्क्यांच्या अल्कोहोलाचे तीन भाग आणि तेलाचा एक भाग नळीत घेऊन हलवायचे. शुद्ध रोशा लख्ख विरघळतो. गोडेतेल किंवा खनिज तेल असेल तर द्राव दुधासारखा गढूळ होतो, आणि थोड्या वेळाने ते थेंब वेगळे होऊन बसतात. पाच मिनिटांचे काम, पण समोरच्याचा खोटेपणा नळीत उघडा पडतो.

लिंबू, ऊन आणि पाकळ्या

इस्तंबूलला आलेले तेल तसेच गुलाबात घालून चालत नसे. रोशाच्या वासाला एक तिखट, गवताळ टोक असते. गुलाबाच्या नाजूक वासात ते काट्यासारखे टोचते. म्हणून आधी त्यावर संस्कार केले जात. लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्याबरोबर तेल खळबळून धुवायचे आणि उघड्या भांड्यात उन्हात ठेवायचे. त्याने मागाहून येणारा तिखट वास मरे आणि तेलाला गवताच्या काडीसारखा फिका पिवळा रंग येई. १८७४ साली फ्ल्युकिगर आणि हॅनबरी या औषधद्रव्यांच्या अभ्यासकांनी लंडनमध्ये हा प्रकार नोंदवून ठेवला आहे.

मिसळण्याचे दोन रस्ते होते. एक सरळ: तयार गुलाबतेलात हे तेल ओतायचे. दुसरा अधिक धूर्त: गुलाब भट्टीत घालण्याआधी पाकळ्यांवरच रोशा शिंपडायचा. मग दोन्ही तेले एकत्र वाफ होऊन एकत्र उतरतात, वास एकजीव होतो, आणि भट्टीवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आपल्या डोळ्यांसमोर फुलांपासून तेल निघताना दिसते. ज्याने स्वतः पाहिले त्याची खात्री पटणारच.

याला जबाबदार फक्त इस्तंबूलचे व्यापारी होते असे म्हणणे मला पटत नाही. आजच्या बल्गेरियातल्या कझानलुक आणि कार्लोव्होच्या गुलाबखोऱ्यातही पाकळ्यांवर शिंपडणारे हात होते, आणि स्वस्त गुलाबतेल मागून वर शुद्धतेची हमी मागणारे पश्चिमेकडचे खरेदीदारही होते. तेलाचा भाव पाहूनच त्यांना संशय यायला हवा होता.

गोठण्याची परीक्षा

त्या काळी खरेदीदाराकडे दोन हत्यारे होती: नाक आणि गारवा. नाकाचे सर्वांना ठाऊक आहे. गारव्याचे थोडे सविस्तर सांगतो, कारण या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग मला तोच वाटतो.

पुण्यातल्या एखाद्या डिसेंबरात खिडकीच्या कट्ट्यावर दोन कुप्या रात्रभर ठेवा, एक गुलाबतेलाची, एक रोशाची. सकाळी रोशा पाण्यासारखा वाहतो. गुलाबतेलात मात्र पातळ, चकचकीत पापुद्रे धरलेले दिसतात, कुपी आडवी केली तरी ते हलत नाहीत. गारठा जास्त असेल तर सगळी कुपी थिजलेली असते. कुपी मुठीत धरली की मिनिटा-दोन मिनिटांत पापुद्रे विरघळून तेल पुन्हा नितळ होते. हे पापुद्रे म्हणजे मेणासारखे हायड्रोकार्बन. पाकळीच्या पृष्ठभागावरचे मेणच ते. वाफेबरोबर तेही तेलात उतरते. रोशात ते नसते.

बाजाराने यावर परीक्षा बसवली. कुपी ठरावीक गारव्याच्या पाण्यात धरायची आणि किती वेळात पापुद्रे धरतात ते पाहायचे. चांगले गुलाबतेल साधारण १६ ते २३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान थिजते. रोशा मिसळला की हा आकडा खाली येतो. पुष्कळ काळ या परीक्षेने खरेदीदारांना धीर दिला.

पण त्या मेणाला वासच नसतो. म्हणजे सुगंधासाठी पैसे मोजणारा माणूस तेलातला नेमका बिनवासाचा भाग तपासत होता. भेसळ करणाऱ्याला एवढेच करायचे होते की रोशाबरोबर थोडे मेणही घालायचे. त्याने व्हेल माशाच्या डोक्यातून मिळणारे स्पर्मसेटी घातले, पुढे ग्वायक लाकडाचे तेलही घातले. ते आपोआपच घट्ट असते आणि वासाने गुलाबाशी जुळते. कुपी पुन्हा वेळेवर थिजू लागली.

कसोटी एकदा जगजाहीर झाली की भेसळ तिच्याच मापाने शिवली जाते. दुधाच्या लॅक्टोमीटरचे आपण हेच पाहिले: पाणी घातले की आकडा उतरतो, साखर घातली की चढतो. स्पर्मसेटीला उत्तर सापडले ते रसायनशास्त्रातून. ते एस्टर असते, अल्कलीत उकळले की त्याचा साबण होतो. पाकळीचे मेण हायड्रोकार्बन असल्याने त्याचे काहीच होत नाही. पण ही परीक्षा कझानलुकच्या आडत्याच्या दुकानात होणारी नव्हती. ती प्रयोगशाळेत व्हायची, आणि तोवर माल विकलेला असे.

याकोबसनची कुपी

१८७१ साली जर्मन रसायनज्ञ ऑस्कर याकोबसन यांनी हिंदुस्थानातून आलेले हे गवताचे तेल हाती घेतले आणि त्यातले मुख्य द्रव्य शुद्ध करून वेगळे केले. तेल बाजारात जिरेनियमचे म्हणून येत होते, म्हणून द्रव्याला नाव दिले जिरॅनिऑल. माझ्या लेखी हा या कथेतला सगळ्यात मोठा अन्याय. जगातल्या कितीतरी साबणांच्या वेष्टनांवर जे नाव आज छापले जाते, ते रोशाच्या तेलातून पहिल्यांदा वेगळ्या झालेल्या द्रव्याचे आहे, आणि त्या नावात रोशाचा मागमूस नाही. व्यापाऱ्यांनी चिकटवलेले चुकीचे लेबल शास्त्राने कायमचे करून टाकले.

याकोबसन यांनी वापरलेली युक्ती सुरेख होती. जिरॅनिऑल कोरड्या कॅल्शियम क्लोराइडला धरून बसते आणि दोघांचा मिळून घट्ट गोळा होतो. तो गोळा कुटून ईथरसारख्या द्रवाने धुतला की बाकीची तेले निघून जातात. मग त्यावर नुसते पाणी घालायचे: क्षार पाण्यात जातो आणि स्वच्छ जिरॅनिऑल वर तरंगते. गुलाबतेलातला जोडीदार सिट्रोनेलॉल असा गोळा धरत नाही, म्हणून दोघांची फारकतही यानेच होते.

गुलाबातल्या अल्कोहोलाचे काय, यावर पुढे १८९० च्या दशकात मोठा वाद झाला. गुलाबतेलातून काढलेल्या द्रव्याला ऱ्होडिनॉल हे वेगळे नाव दिले गेले होते. गुलाबाचा आत्मा गवतात कसा असेल, असाच काहीसा भाव त्यामागे होता. लायपझिगच्या शिमेल कंपनीतल्या बर्ट्राम आणि गिल्डेमाइस्टर यांनी १८९४ साली दाखवले की गुलाबतेलात जिरॅनिऑलच आहे, गवतातलेच. दोनच वर्षांनी टीमान आणि श्मिट या रसायनज्ञांनी ऱ्होडिनॉल हे जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल यांचे मिश्रण असल्याचे स्पष्ट केले.

याने भेसळीच्या प्रश्नाला वेगळेच वळण मिळाले. द्रव्य तेच असेल तर गवतातले जिरॅनिऑल गुलाबात घातले म्हणून बिघडले काय? हा प्रश्न मला विद्यार्थी दरवर्षी विचारतात, आणि तो टाळण्यासारखा नाही.

गुलाबतेलात जिरॅनिऑल १५ ते २२ टक्के, सिट्रोनेलॉल त्याहून अधिक, नेरॉल थोडे कमी. पण सुगंधाची खोली येते ती शेकडो इतर घटकांतून, आणि त्यातले काही इतके सूक्ष्म की वजनात ते मोजताही येऊ नयेत. बल्गेरियन गुलाबतेलात सापडलेले डॅमॅसेनोन हे द्रव्य एका टक्क्याच्या छोट्या अंशात असते, तरी वासातला मधाळ, पिकल्या फळासारखा सूर त्याचाच. रोशा घातला की हे सूक्ष्म घटक पातळ होतात. कापसाच्या फायावर दोन्ही तेले लावून ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत भेसळीचे तेल उलट अधिक गुलाबी वाटते, अधिक ताजे, अधिक भडक. तासाभराने त्यातली भरारी संपते आणि उरतो तो सपाट, किंचित साबणासारखा वास. खरे तेल दुसऱ्या दिवशीही बदलत राहते. म्हणजे द्रव्य एक असले तरी माल एक नाही, आणि गिऱ्हाईक पैसे मालाचे देत होते.

गवताने खाल्लेली हवा

आजच्या यंत्रांपुढे ओबडधोबड भेसळ टिकत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीत तेलाचा एकेक घटक वेगळा होतो आणि प्रमाणे समोर येतात. जिरॅनिऑल फुगलेले आणि सिट्रोनेलॉल खालावलेले दिसले की संशय पक्का. पण हुशार माणूस सिट्रोनेलॉलही घालतो, मेणही घालतो, आणि सगळी प्रमाणे मानकात बसवतो. मग काय?

मग उत्तर वनस्पतीच्या पोटातून येते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बनाचा साधारण १.१ टक्के भाग किंचित जड, म्हणजे कार्बन-१३ असतो. गुलाब, गहू, भात या वनस्पती कार्बन घेताना जड कार्बन बराचसा टाळतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि रोशा यांची कार्बन घेण्याची रीत निराळी, तिला सी-४ म्हणतात; कडक उन्हात पाणी वाचवून वाढण्याची ती सोय आहे, आणि तिच्यात जड कार्बन तितका टाळला जात नाही. म्हणून रोशातल्या जिरॅनिऑलचा कार्बन गुलाबातल्या जिरॅनिऑलच्या कार्बनापेक्षा जरासा जड असतो. रेणू तोच, मांडणी तीच, वास तोच. पण ऊन कुठे खाल्ले याची खूण अंगावर राहतेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुलाबतेलाच्या नमुन्यांतल्या एकेका घटकाचा कार्बन असा तपासला गेला आणि सी-४ गवताचे, म्हणजे रोशाचे, तेल मिसळलेले ओळखता आले. दीडशे वर्षांपूर्वीची भेसळ अजून चालू आहे, हेही त्यातूनच कळते.

या कसोटीलाही मर्यादा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून जिरॅनिऑल मोठ्या प्रमाणावर बनू लागले. टर्पेंटाइन पाइनचे आणि पाइनची रीत गुलाबासारखीच. तिथे कार्बन-१३ एकटा फारसा कामाला येत नाही. खनिज तेलापासून केलेले मात्र कार्बन-१४ च्या मोजणीत सापडते, कारण लाखो वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कार्बनात ते उरलेलेच नसते.

आणखी एक शोध इथे नोंदवावासा वाटतो. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवले की गुलाब जिरॅनिऑल बनवतो तो इतर वनस्पतींत ओळखीच्या झालेल्या मार्गाने नव्हे, तर पेशीतल्या एका अगदी वेगळ्या विकराच्या मदतीने. ज्या गुलाबांत हे विकर मंदावले आहे, ते दिसायला देखणे पण वासाला मुके. एकाच वासापर्यंत निसर्ग एकाहून अधिक वाटांनी पोचला आहे, हे पाहून मन भरून येते.

कोणाचे काय गेले

पॅरिसच्या अत्तरवाल्याचे पैसे गेले, हे उघड आहे. पण माझ्या हिशेबात त्याचे नुकसान सगळ्यात कमी. बल्गेरियातल्या ज्या शेतकऱ्याने पहाटे काट्यांत हात घालून फुले खुडली आणि शुद्ध तेल काढले, त्याच्या कुपीकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. भाव ठरे तो भेसळ गृहीत धरून, म्हणजे प्रामाणिक माणसाला प्रामाणिकपणाचा दंड. पुढे बल्गेरियाच्या सरकारला या गवताच्या तेलाच्या आयातीवर बंदी घालावी लागली. बंदी आली तरी वाटा निघाल्या, पण निदान चोरीला चोरी म्हटले गेले.

आणि खानदेश? इथल्या तेलाची मागणी तर वाढली, पण ती चोरवाटेची मागणी होती. जो माल दुसऱ्याच्या नावाने विकला जातो, त्याच्या गुणाची कीर्ती होत नाही. खरेदीदाराला मोतिया हवा तो गुलाबात लपावा म्हणून. लपण्यापुरता चांगला असला की झाले. भट्टीवाल्याला उत्तम तेलाचा वेगळा भाव मिळण्याचे कारणच उरले नाही. मग सोफिया मिसळली काय, टर्पेंटाइन घातले काय, वरच्या टोकाला सुरू झालेली लबाडी खालपर्यंत झिरपली. भिल्ल कापणाऱ्याच्या हाती यातले काय आले असेल, याचा विचार केला की वाईट वाटते. त्याच्या डोंगरावरचे गवत राजघराण्यांच्या रुमालावर पोचले होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मला ठामपणे वाटते की रोशा स्वतःच्या नावाने विकला गेला असता तरी खपला असता. त्याला गुलाब व्हायची गरज नव्हती. त्याच्यात जो लिंबाळ, कोरडा, उन्हाळी सूर आहे तो गुलाबात नाही, आणि लिंबाचा रस व ऊन वापरून तोच सूर मारून टाकला जात होता.

आता

आज बाजारात त्याचे नाव पामारोझा आहे. त्यातही गुलाब आहेच, पण निदान जिरेनियम सुटले. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने त्याच्या तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ अशा सुधारित जाती दिल्या आहेत. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ते एकदा लावले की काही वर्षे टिकते, वर्षात दोनतीन कापण्या देते, आणि वासामुळे डुकरे-नीलगाई शेताच्या फारशा वाटेला जात नाहीत असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. कणिक-बांबूची जागा आता स्टीलच्या टाकीने घेतली आहे, ओढ्याची जागा नळ्यांच्या कंडेन्सरने.

युरोपात विकायच्या क्रीम-साबणावर जिरॅनिऑल ठरावीक मात्रेपलीकडे असेल तर त्याचे नाव छापावे लागते, कारण काही जणांच्या त्वचेला ते सोसत नाही. क्रीमसारख्या अंगावर राहणाऱ्या वस्तूत ही मर्यादा ०.००१ टक्के आहे, धुवून टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्के. गवतातले असो, गुलाबातले असो वा टर्पेंटाइनचे, नियम एकच.

माझ्याकडे नमुने येतात ते लहान ॲल्युमिनियमच्या बाटल्यांतून. मागच्या हंगामात एका तरुण शेतकऱ्याने पहिल्यांदाच स्वतः काढलेले तेल आणले. बाटलीवर त्याने पेनाने लिहिले होते: रोशा, मोतिया, दुसरी कापणी, आणि खाली गावाचे नाव. अल्कोहोलात तेल लख्ख विरघळले. यंत्रावर जिरॅनिऑल ऐंशीच्या वर आले. अहवालात तेलाचे नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी पामारोझा लिहिले, आणि त्याच्या शेजारी त्याच्या बाटलीवरचे सगळे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.